आम्ही दोघी मैत्रिणी सोलापुरात भागीदारीत इंटिरियरची कामं घेणार आहोत. एक किचन-फर्निचर बघते, दुसरी रंग-पडदे. नफा निम्मा-निम्मा ठेवावा का?

ठेवा, पण आधी प्रत्येक कामातून दोघींचं मानधन वेगळं काढा आणि उरलेला नफा निम्मा करा. प्लाय, हार्डवेअर, सुताराची मजुरी यामुळे किचनचं बिल फुगतं. पडद्यांचं त्यापुढे किरकोळ वाटतं. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेच्या खिडकीला काय लावलंय, यावरच ती खोली वापरता येते की नाही हे ठरतं. ते डोकं फुकट धरू नका.

भांडणं होतात ती दोन कामांच्या सांध्यावर. फॉल्स सीलिंग झाल्यावर कळतं, पडद्याच्या ट्रॅकला जागाच सोडलेली नाही! म्हणून ड्रॉइंग सुताराच्या हातात जाण्याआधी दुसरीची सही हवीच. सुताराला सूचना मात्र एकीनेच द्यायची, नाहीतर तो सोयीचं तेवढंच ऐकतो. प्लायवाला कमिशन देतो, तेही फर्मच्या खात्यातच जमा करा. (यावरून मोडलेल्या भागीदाऱ्या कमी नाहीत.)

करारात वाटा लिहिला नाही तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे तो समान धरतात. फर्मची नोंदणी करून घ्याच. कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला ग्राहकाकडे थकलेल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. आणि हो, फर्मची देणी दोघींपैकी कुणाकडूनही पूर्ण वसूल होऊ शकतात. त्यामुळे उधारीवर माल उचलण्याची मर्यादा करारातच लिहा.