धाप लागणाऱ्या मुलीला खेळू द्यावे का?

विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या मुलांचे पालक मला वारंवार विचारतात, की याला खेळायला पाठवले आणि काही बरेवाईट झाले तर? यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जादा असल्याने जन्मतःच असणारी स्थिती) असलेल्या आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा प्रश्नही हाच होता. “मॅडम, चार पावलं चालली की तिले धाप लागते. पळवलं अन् काही झालं त मी काय करू?” घरच्यांनी मायेपोटीच तिला बसवून ठेवले होते आणि तिचे वजन वाढत चालले होते.

ही भीती निराधार नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बालकांना जन्मतः हृदयदोष असतो, अनेकांची थायरॉईड ग्रंथी मंदावलेली असते आणि काहींच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यायला मी सांगितले. हृदय निर्दोष निघाले. थायरॉईडची कमतरता आढळली आणि गोळी सुरू झाली. मानेच्या सांध्याला जपायचे म्हणून कोलांटउडी नको, डोक्यावर पाण्याची गुंड किंवा गवताचा भारा नको, असे डॉक्टरांनी बजावले. चाल अचानक बदलली, मान एका बाजूला कलली, हात लुळे वाटू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर सर्व थांबवून तातडीने दवाखाना गाठायचा, हेही आईने नीट समजून घेतले.

धापेविषयी मात्र मला सविस्तर बोलावे लागले, कारण घरात तिला ‘आळशी’ म्हटले जात होते आणि ते मला फार लागले. या मुलांचे स्नायू मुळात शिथिल असतात, आणि श्रम करताना त्यांच्या हृदयाचे ठोके इतरांइतके वाढत नाहीत. त्यामुळे ती लवकर दमतात. दमली की थांबू द्यावे, श्वास स्थिरावला की पुन्हा उठवावे.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या दिव्यांग मुलांसाठीही दररोज सरासरी 60 मिनिटे दमवणारी हालचाल सुचवते. पण वर्षानुवर्षे बसून असलेल्या मुलीची सुरुवात दहा मिनिटांनीच व्हायला हवी. चुलत बहिणीसोबत वावरापर्यंत जाऊन येणे आणि अंगणात लेझीम, एवढेच आम्ही ठरवले. तोंडी सूचनांपेक्षा समोर करून दाखवलेले ही मुले लवकर उचलतात, म्हणून बहिणीने प्रत्येक हात आधी स्वतः करून दाखवायचा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा सारे काही ऊन चढण्यापूर्वी आणि पाणी पाजूनच.

वडिलांची अडचण वेगळी होती: लोक हसतात. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. पण बहिणीच्या मैत्रिणी लेझीमला येऊ लागल्यावर मुलगी अंगणाबाहेर जायला स्वतःच हट्ट धरू लागली. आता ती वावरापर्यंत एकदाच थांबून जाते. शाळेत खेळाच्या तासाला तिला अजूनही कडेला बसवतात. कोलांटउडी आणि मानेला हिसका बसेल असे खेळ वगळून बाकी सर्वांत घ्यावे, असे डॉक्टरांचे पत्र घेऊन आई पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटणार आहे.