बिल हरवलं असेल तर दुकानातून घेतलेली वस्तू परत करता येते का? बिलं सांभाळून कशी ठेवायची?

कॉलेज रोडवर घेतलेल्या कुर्त्याची शिवण पहिल्याच धुण्यात उसवली, बिल सापडत नाही आणि दुकानदार 'बिल आणा' म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं काय करायचं ते सांगतेच. पण खाली एका उत्तरात कुणीतरी 'ओळखीच्या दुकानातून घेत जा, बिलाची भानगडच नको' असा सल्ला दिलाय. तो वाचून राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी आमच्या थोरल्या भाऊजींच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकतेय.

२०२१ च्या दिवाळीआधी मेनरोडवर मिक्सर घ्यायला गेलो. दुकान भाऊजींच्या ओळखीचं. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की बिल नको, तेवढे पैसे कमी करा. मी सातपूरच्या कारखान्यात अकाउंट्सला होते. बिलाशिवाय पैसे द्यायला माझा हातच उठत नाही. मी पक्कं बिल मागितलं. भाऊजी घरी येईपर्यंत गप्प, आणि आल्यावर सगळ्यांसमोर, 'हिनं माझं नाक कापलं.'

भिजवलेले तांदूळ वाटायला घेतले आणि जारच्या बुडातून पाणी गळून थेट मोटरवर. जळका वास. दुसऱ्या दिवशी मिक्सर पिशवीत घालून दुकानात. मालकानं आधी सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. मग बिलाच्या तळाची ओळ दाखवली, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मग त्यानं भाऊजींना फोन लावला आणि भाऊजी मलाच म्हणाले, 'अगं, घे की दुरुस्त करून, आपला माणूस आहे.'

मी तिथेच स्टुलावर बसले. त्याला सांगितलं, ती ओळ सदोष मालाला लागू होत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. बिलावर मुदत छापली असेल तर तेवढ्यात, नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिल न देणं हीसुद्धा. आता ग्राहक हेल्पलाइनला फोन लावते, म्हटलं. दुकानात गिऱ्हाइकं होती. पोऱ्या गोडाऊनमधून नवीन मिक्सर घेऊन आला.

आणि भाऊजी आजतागायत सांगत फिरतात की 'माझ्या शब्दावर बदलून दिला'!

गेल्या वर्षी त्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरी वॉरंटीतच बसली. त्याच दुकानातून, अर्थातच बिलाशिवाय घेतलेली, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही की तारीख नाही. आता गल्ल्यावर मालकाचा मुलगा बसतो. तो म्हणाला, 'काका, बिल आहे का?' शब्दावर काही बॅटरी मिळाली नाही. हे मी घरात बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय. ओळखीच्या दुकानात तर बिल आधी मागा, कारण तिथेच भांडायची पंचाईत होते.

आता तुमचं. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर तो व्यवहार काढा. त्यात काय घेतलं ते दिसत नाही, पण तारीख, वेळ आणि रक्कम दिसते, आणि तेवढ्यावर दुकानदाराला त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं बिल सापडतं. जीएसटी नोंदणी असलेल्याला वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात, तेव्हा 'जुनं निघत नाही' हे ऐकून घेऊ नका. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, दुपारी जा. नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

बिलं ठेवायचं म्हणाल तर दुकानातून बाहेर पडतानाच फोटो काढा. ती गुळगुळीत कागदाची बिलं उष्णतेनं छापलेली असतात, प्लास्टिकच्या पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवली की नाशिकच्या मे महिन्यात कोरी होतात. मोठ्या वस्तूंच्या बिलांची झेरॉक्स काढून वॉरंटी कार्डाला टाचून ठेवते मी. बाकी पद्धत ज्याची त्यानं ठरवावी.

हे सगळं वस्तूत दोष असेल तर. रंग आवडला नाही, साइज चुकली, नणंदेला तसाच मिळाला, यासाठी कायदा तुमच्या मदतीला येत नाही. ती दुकानाची मर्जी, आणि बहुतेक जण रोख न देता क्रेडिट नोटच, म्हणजे तेवढ्या रकमेची दुसरी वस्तू तिथूनच घ्यायची चिठ्ठी, हातात ठेवतात. उसवलेली शिवण दोषात मोडते. पण तुम्ही ती घरी शिवून बघितली असेल, तर आता दुकानदाराला पटवणं अवघड आहे.