‘परजीवी वैविध्य’ की ‘परजीवींचे वैविध्य’?

प्रश्न असा आहे: वन्यप्राण्यांवरच्या लेखात ‘परजीवी’ लिहावे की ‘परोपजीवी’? त्यांना पोसणाऱ्या प्राण्याला ‘यजमान’ म्हणणे योग्य का? आणि ‘परजीवी वैविध्य’ हा शब्दप्रयोग चालेल का?

पहिल्याचे उत्तर सोपे. दोन्ही चालतात. श्रमजीवी श्रमावर जगतो, बुद्धिजीवी बुद्धीवर, तसा परजीवी परक्यावर. ‘परोपजीवी’त ‘उपजीविके’तला ‘उप’ तेवढा जास्तीचा. मी आखूड रूप घेईन. ‘बांडगूळ’ मात्र नको. ते झाडावरचे, आणि झाडाबाहेर वापरले की त्याची शिवी होते.

‘परजीवी वैविध्य’ मला खटकते. त्यात ‘परजीवी’ विशेषण होऊन बसतो, जणू वैविध्यच दुसऱ्याच्या जिवावर जगते आहे. ‘परजीवींचे वैविध्य’ लिहा, आणि शक्य तिथे नावे घ्या: कातडीवर गोचीड, आतड्यात जंत, फुप्फुसात क्षयाचे जीवाणू. (परिस्थितिविज्ञानात, म्हणजे इकॉलॉजीत, जीवाणू-विषाणूही परजीवींतच धरतात.) नावे घेतली की ही मंडळी एकाच अंगात राहून एकमेकांवर परिणाम करतात, हे सांगणे सोपे जाते.

आता ‘यजमान’. मुळात हा यज्ञ करवणारा, त्याचा खर्च सोसणारा. रानातल्या जनावराने कुणाला आवतण दिलेले नसते, पण खर्च तेच सोसते. म्हणून शब्द मला पटतो. अडचण वेगळीच आहे: यजमान म्हणजे एक जनावर की सगळा कळप?

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात व्हेनेसा एझेन्वा आणि ॲना जोलेस या संशोधकांनी काही रानम्हशींना जंतांचे औषध दिले, काहींना दिले नाही. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. औषधाने क्षयाची लागण कमी झाली नाही, पण लागण झालेल्या म्हशींच्या मरणाचा धोका सुमारे नवव्या हिश्श्यावर आला. जंतांशी झुंजताना शरीराची जीवाणूंविरुद्धची फळी दुबळी पडते. जंत गेले की ती सावरते. मात्र आजारी म्हैस जास्त दिवस जगली, की तेवढे दिवस क्षय पसरवणार. संशोधकांच्या हिशेबाने कळपात तो सुमारे आठपट पसरू शकला असता.

म्हणून ‘जंत गेल्याने यजमानाचा फायदा झाला’ असे मोघम लिहू नका. ‘यजमान म्हशीचा फायदा झाला, यजमान कळपाचा धोका वाढला’ असे लिहा.