पसारा दिसतो, खोली दिसत नाही

उपग्रहाच्या चित्रावरून उजनीत आज किती पाणी आहे ते कळतं का? (इंदापूर)

थेट नाही. पाणी अवरक्त किरण शोषून घेतं, त्यामुळे त्या चित्रात ते काळं दिसतं आणि काठ आखता येतो. हाती येतं ते फक्त क्षेत्रफळ. एवढ्या क्षेत्राला साठा किती, हे धरणाच्या कोष्टकात बघावं लागतं, आणि कोष्टक जुनं असेल तर मधल्या वर्षांत साचलेला गाळही पाणी म्हणून मोजला जातो.

याच युक्तीने गाळही पकडता येतो. धरणावरच्या पट्टीची पातळी आणि त्याच दिवसाचं चित्र जुळवायचं. त्या पातळीला पूर्वीपेक्षा क्षेत्र कमी भरलं, तर उरलेली जागा गाळाने खाल्ली. पण पाणी उतरतं तिथवरचाच गाळ असा कळतो. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ६३ टीएमसी तर मृतसाठाच, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. तेही उतरू लागून धरण ‘वजा’त जातं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, तेव्हा आपण हळहळतो, गाळ मोजणाऱ्याची मात्र तीच सुगी!

पावसाळ्यात ढगच असतात. मग काय दिसणार?

तेव्हा रडार. २०१४ पासून फिरणाऱ्या सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या लहरी ढगांतून आरपार जातात. संथ पाण्यावरून त्या पलीकडे परावर्तित होतात, म्हणून पाणी काळं. वारा सुटून लाटा उठल्या किंवा जलपर्णी माजली, की हाच रडार फसतो. जुलै २०२५ मध्ये इस्रो-नासाचा निसार हा रडार उपग्रहही श्रीहरिकोट्याहून वर गेला आहे.

माझं शेततळं ३० बाय ३० मीटरचं आहे. दिसेल का?

सेंटिनेल-२ या साधी चित्रं टिपणाऱ्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटरचा. तुमच्या वाट्याला आले नऊ, त्यातलेही कडेचे बहुतेक अर्धे पाणी, अर्धा बांध. आहे-नाही एवढं कळेल. पाणी किती, ते काठी बुडवूनच बघा.

बोअरचं पाणी उपग्रह सांगतो, असं एकाने सांगून पैसे मागितले.

देऊ नका. भूजलातली घट टिपणारे उपग्रह आहेत, ‘ग्रेस’ नावाची जोडी २००२ ते २०१७ फिरत होती, २०१८ पासून तिची वारस जोडी फिरते. एकमेकांमागून सुमारे २२० किलोमीटरवर धावताना ते अंतर किती कमी-जास्त होतं, त्यावरून खालच्या गुरुत्वाकर्षणातला, म्हणजे वस्तुमानातला फरक काढतात. पंजाब-हरियाणा-राजस्थानचं भूजल आटतंय, हे त्यातून दिसलं. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर असते. तुमचा गट नंबर त्यात कुठला! शिवाय आपला काळा पाषाण. एका बांधावर पाणी लागतं, पलीकडे धूळ. त्यापेक्षा गावातल्या निरीक्षण विहिरीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात मागा.