हॅलोवीनला जलपरी नको, सेल्की करा

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी एडिंबराला राहायला आलो. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीनसाठी आठ वर्षांच्या लेकीला जलपरी व्हायचंय, पण दुकानातली शेपटी घालून तिला चालताच येत नाही. अकरा वर्षांच्या मुलाचा हट्ट ‘अर्धा प्राणी’ होण्याचा आहे. घरी काय शिवता येईल?

उत्तर : ताई, ती शेपटी घेऊच नका. मी एडिंबराच्या लीथ भागात राहत होते तेव्हा लेकीसाठी हिरव्या सॅटिनची अशीच शेपटी शिवली होती, घोट्यापर्यंत घट्ट. दुसऱ्याच घराच्या पायऱ्यांवर ती पडली, ओठ फुटला. पुढच्या वर्षी मी तिला सेल्की केलं.

सेल्की तुमच्या सध्याच्या मुलखातलीच. स्कॉटलंडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर सेल्की म्हणजे साधा सील. लोककथांत हे सील किनाऱ्यावर येतात, कातडं उतरवतात आणि माणसं होतात. कुणी तरुण एखादीचं कातडं लपवून ठेवतो आणि तिला त्याच्याशी संसार करावा लागतो. मुलं होतात, वर्षं जातात. मग एक दिवस घरातच कुठेतरी ते कातडं हाती लागतं, आणि ती पोरांना मागे ठेवून समुद्रात परतते. ही गोष्ट सांगताना माझा आवाज अजूनही जड होतो.

जलपरीची शेपटी अंगालाच असते, सेल्कीचं कातडं मात्र काढता-घालता येतं. म्हणजे पोशाख हीच गोष्ट!

करडं फ्लीस दोन मीटर घ्या. टोपी असलेला सैल झगा बेता, गुडघ्याखाली चार बोटं, त्याहून लांब नको. गळ्याशी वेल्क्रो लावा, कुठे अडकला तर झटक्यात सुटेल. काळ्या फेल्टचे ठिपके वेडेवाकडेच टाका, कारण करड्या सीलच्या अंगावरचे डाग प्रत्येकाचे निराळे असतात. टोपीवर मिशा हव्यात, पण कान शिवू नका. या सीलना बाहेर दिसणारे कान नसतात, आणि तिथल्या मुलांना ते बरोबर ठाऊक असतं. आत जाड स्वेटर घाला, साडेचारलाच सूर्य मावळतो. कंदिलात मेणबत्ती नको, बॅटरीचा दिवा ठेवा. फ्लीस लवकर पेटतं.

मुलाला केल्पी करा. हा स्कॉटलंडच्या तळ्या-नद्यांतला घोडा, माणसाचं रूप घेतो, पण केसांतलं पाणशेवाळ किंवा पायांचे खूर त्याला उघडं पाडतात. केसांत हिरव्या लोकरीचे धागे आणि बुटांवर काळ्या पुठ्ठ्याचे खूर, एवढं पुरे. त्याआधी फॉल्कर्कला जाऊन अँडी स्कॉट यांनी घडवलेली केल्पींची ३० मीटर उंच पोलादी डोकी त्याला दाखवा.

आणखी एक. हॅलोवीनला मुलं वेष करून खाऊसाठी घरोघर फिरतात, स्कॉटलंडमध्ये या फिरण्याला ‘गायझिंग’ म्हणतात, आणि खाऊ फुकट मागायचा नसतो. आधी गाणं, कविता किंवा विनोद सादर करायचा. लेकीला सेल्कीची गोष्ट पाच-सहा वाक्यांत बसवून द्या. सुरुवातीला झगा उतरवायचा, शेवटी पुन्हा अंगावर घ्यायचा. कुणी घरात बोलावून झगा खुंटीला लावायला मागितला, तर तिने तो द्यायचा नाही. माझी लेक संध्याकाळभर काखेत घट्ट धरून बसली होती.