गटाच्या सादरीकरणाविषयी काय लिहावे?

प्रश्न : आमच्या गटाने महाविद्यालयात ‘घाशीराम कोतवाल’मागच्या सामूहिक निर्मितीवर सादरीकरण केले. आता प्रत्येकाने त्याविषयी टिपण लिहायचे आहे. कोणी काय केले, यापलीकडे काही सुचत नाही.

उत्तर : स्लाइड कोणी केल्या, हे एका ओळीत उरका. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेल्या या नाटकात विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये अशी एकजीव झाली आहेत की, गात-डोलत भिंत होणारी ब्राह्मणांची रांग एकट्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही. तुमच्या तालमींत एकाची सूचना दुसऱ्याने बदलल्यामुळे मांडणीच पालटली, असा प्रसंग शोधून तो सविस्तर लिहा. त्यावरून वाद झाला असल्यास (बहुधा झालाच असेल) तोही वगळू नका.