ठासणीच्या रायफलीत गोळीभोवतीच्या चिंधीला घरातलंच काही वंगण म्हणून चालेल का?

चालतं की: ऑलिव्ह तेल, बिनमिठाची चरबी, अमेरिकेत मिळणारं क्रिस्कोसारखं वनस्पती तूप, अगदी थुंकीसुद्धा, फक्त बंदुकीच्या काळ्या दारूसोबत मशीन ऑइल नको. काळी दारू जळली की वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे राहतो. ती काजळी मऊ ठेवणं हे वंगणाचं खरं काम, नाहीतर पुढची गोळी ठासताना गज अडतो. मशीन ऑइलसारख्या खनिज तेलाने तिचा डांबरासारखा चिकटा होतो.

रेंजवर लगोलग बार काढायचे असतील तर थुंकीला तोड नाही, शिवाय फुकट. शिकारीला बार तासन् तास भरलेला राहतो. तिथे थुंकी वाळते, नळी गंजते, आणि पातळ तेल दारूत झिरपून बार फुसका जातो. त्यासाठी मधमाश्यांचं मेण आणि चरबी वितळवून एकत्र करा. उन्हाळ्यात मेण जास्त, थंडीत कमी. (१८५७च्या एन्फिल्ड काडतुसांचं वंगणही याच जातीचं, भडका उडाला तो चरबी कुणाची यावरून.)

बार काढल्यावर समोर पडलेली चिंधी उचलून बघा. मधोमध काळा ठिपका आणि कडा जरा विसकटलेल्या असतील तर जमलं. करपून भोकं पडली असतील तर वंगण कमी पडतंय किंवा कापड पातळ आहे. हे सगळं सुती चिंधी आणि गोल गोळीपुरतं. प्लास्टिकच्या वेष्टनातल्या गोळ्यांना लागू नाही.